रसद शिकायची तर समुद्र ओलांडावा लागतो

सिंगापूरचे क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर. लांब पल्ल्याच्या तोफा डागायला जागाच नाही. म्हणून सिंगापूरचे सैन्य १९९० पासून ऑस्ट्रेलियातील शोलवॉटर बे येथे सरावाला जाते. ‘अग्नी वॉरियर’ सरावासाठी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतही येते. त्याची तेरावी फेरी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली.

रसद अधिकाऱ्याची खरी परीक्षा इथेच. दारूगोळा, सुटे भाग, वाहने, शिधा परमुलखात पोहोचवायचा आणि उरलेले मोजून परत आणायचे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तैवानमधील सरावाहून परतणारी सिंगापूरची नऊ टेरेक्स चिलखती वाहने हाँगकाँगच्या कस्टमने व्यापारी जहाजावरून जप्त केली. ती घरी यायला जानेवारीअखेर उजाडली. परवाने, बंदरे आणि खासगी मालवाहतूक हे विषय रसद अधिकाऱ्याला डावपेचांइतकेच कसून शिकवायला हवेत, हे त्या दोन महिन्यांनी दाखवले.

दुसरा प्रश्न माणसांचा. लष्करी सेवा १९६७ पासून सक्तीची. दोन वर्षे संपली की तरुण नोकरीधंद्याला लागतो, पण राखीव दलात राहतो. अधिकाऱ्यांवर हे बंधन वयाच्या पन्नाशीपर्यंत. अधूनमधूनच गणवेश चढवणाऱ्या या अधिकाऱ्याची उजळणी वर्गात नव्हे, कोठारात आणि धक्क्यावर, खऱ्या मालावरच झाली पाहिजे.