संगणकाची दारे सर्वांना उघडी आहेत काय?

संगणक जात विचारत नाही, असे आम्हाला महाविद्यालयात ठासून सांगण्यात आले होते. ते खरेच आहे. मात्र संगणकावर पान तयार करणारा माणूस त्या पानात कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर उभे करायचे, हे ठरवीत असतो. पुष्कळदा त्याचे त्यालाही ते कळत नाही. आम्हालाही दहा-अकरा वर्षे कळले नव्हते.

आम्ही संकेतस्थळे तयार करतो. हा धंदा आम्ही कोणत्याही नामांकित संस्थेत शिकलो नाही. २००६ साली नांदेडला वसतिगृहात राहत असताना तासाला पंधरा रुपये मोजून सायबर कॅफेत बसायचे, एखादे पान उघडायचे, त्याचा सोर्स कोड वहीत उतरवून घ्यायचा आणि रात्री खोलीवर ओळ न् ओळ लावत बसायचे, हीच आमची शाळा. पुढे पुण्यात नोकरी लागली. पण या धंद्यात शिकलेले फार लवकर शिळे होते. २००६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका मेळाव्यात जॉन रेसिगने जेक्वेरी जगापुढे ठेवली. आम्ही ती शिकतो न शिकतो तोच २००९ साली बर्लिनच्या परिषदेत रायन डालने नोड दाखविले. २०१३ साली अमेरिकेतल्या परिषदेत फेसबुकच्या मंडळींनी रिअॅक्ट खुले केले. ज्या फ्लॅशवर आमच्या मित्रांनी उमेदीची वर्षे घालविली, त्याला ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबीने मूठमाती दिली. नवे ते आधी परिषदेत बोलले जाते आणि आमच्यापर्यंत पुष्कळ उशिरा पोहोचते, हे लक्षात आल्यावर आपणही एकदा जायचेच, असे आम्ही ठरविले.

२०१७ साली बंगळुरूच्या एका परिषदेला स्वतःच्या पैशाने गेलो. कंपनीने रजा दिली, पण बिनपगारी. उद्यान एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात रात्र काढून सकाळी थेट सभागृह गाठले. तेथे प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला असतो. माणसे आधी बिल्ल्यावरचे कंपनीचे नाव वाचतात आणि मग चेहऱ्याकडे बघायचे की नाही ते ठरवितात. ‘फुल नेम?’ असे हसून विचारणारा एखादा भेटतोच. त्याला आमच्या नावात रस नव्हता, हे सांगायला नको. इंग्रजीत प्रश्न विचारण्याची हिंमत आम्हाला दोन्ही दिवस झाली नाही. भाषणांचे म्हणाल तर त्यातील बरीचशी पुढे यूट्यूबवर फुकट पाहायला मिळाली.

एक मात्र आम्ही जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक अंध प्रोग्रामर मंचावर आला. त्याने संगणकाचा पडदा काळा केला, माऊस बाजूला ठेवला आणि एक संकेतस्थळ उघडले. सभागृहात फक्त आवाज ऐकू येत होता. ‘एडिट ब्लँक. एडिट ब्लँक. बटन. बटन.’ कोणत्या रकान्यात नाव लिहायचे आणि कोणत्यात पत्ता, काही समजेना. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही, कारण असलेच फॉर्म आम्ही रोज करीत होतो.

तो वापरीत असलेल्या प्रोग्रामचे नाव एनव्हीडीए. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे प्रोग्राम तेव्हा इतके महाग होते की सामान्य अंध माणसाने त्यांचे नावही घेऊ नये. म्हणून मायकल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली स्वतःच एक लिहायला घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. तो आजही फुकट मिळतो. आम्ही कॅफेत बसून दुसऱ्याची पाने वहीत उतरवीत होतो, त्याच वर्षीची ही गोष्ट.

पुण्याला परतल्यावर आम्ही वसतिगृहातल्या एका जुन्या सोबत्याला घरी बोलाविले. त्याची दृष्टी लहानपणीच गेली. आज तो बँकेत नोकरीला आहे. स्पर्धा परीक्षेच्या एका प्रशिक्षण केंद्राचा प्रवेश अर्ज आम्ही बनविला होता. तो उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि गप्प बसलो. तिसऱ्या रकान्यापर्यंत यायला त्याला अकरा मिनिटे लागली. जन्मतारखेपाशी तो कायमचा अडकला, कारण तारखेचे कॅलेंडर फक्त माऊसनेच उघडत होते.

“हा तू केलास होय रे?” तो म्हणाला. “हाच मी भरला होता. भरला म्हणजे काय, कॅफेवाल्याने भरला. मी शेजारी उभा राहून सांगत होतो. खाते नंबर सांगितला, पासवर्ड सांगितला. जात कोणती, सर्टिफिकेटचा नंबर काय, सगळं मोठ्यानं. मागं लाईन होती.”

आमच्या तोंडून शब्द फुटेना. ज्या मुलाने आपली जात कुणाला सांगायची आणि कुणाला नाही हे आयुष्यभर स्वतः ठरविले, त्याला ती भर कॅफेत ओरडून सांगायला लावणारा कोड आमच्या हातचा होता.

दुरुस्तीला किती वेळ लागला? तीन संध्याकाळी. प्रत्येक रकान्याचे नाव कोडमध्ये त्या रकान्याला बांधायचे, बटणासारखा दिसणारा रंगीत चौकोन काढून खरे बटण घालायचे, तारीख टाईप करू द्यायची आणि पानाची भाषा मराठी आहे अशी खूण करायची. यात नवे काहीच नव्हते. डब्ल्यूथ्रीसी या जागतिक मंडळाने याची नियमावली १९९९ सालीच काढली होती. आम्ही मात्र रिअॅक्टच्या मागे धावत होतो. ‘असे अंध येतात तरी किती?’ असे साहेबांनी विचारले. दारच बंद असेल तर आलेल्यांची मोजणी करायची तरी कशी, या आमच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

कायद्याचेही बोलले पाहिजे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा, असे संगणक सांगत होता. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसाला डोळे मिचकावताच येत नसतील तर त्याने काय करायचे, असा तो खटला होता.

आता आपल्या घरातले. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचे पत्रक, शिबिराचे निमंत्रण, निवेदनाची प्रत, हे सारे आपले कार्यकर्ते चित्र करून पाठवितात. निळ्या पार्श्वभूमीवर सुंदर अक्षरे असतात, पण अंध बांधवाच्या संगणकाला पुष्कळदा ते नुसते ‘ग्राफिक’. जुने लेख अजून कुठल्यातरी जुन्या फाँटमध्ये पडून आहेत. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरीही. ते फाँट डोळ्यांना मराठी दिसतात आणि कानाला निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतो. चित्राखाली तोच मजकूर साधा टाईप करून टाकायला पाच मिनिटे पुरतात. आम्ही आमच्या शाखेत हे तीनदा सांगितले. दोनदा मान डोलावली गेली, तिसऱ्यांदा एका ताईंनी ते प्रत्यक्ष केले.

दुरुस्त केलेला फॉर्म सोबत्याने नऊ मिनिटांत एकट्याने भरला. चहा झाला. मग त्याने आपल्या भाचीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हणून दुसरेच एक संकेतस्थळ उघडले. शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरांचे एक चित्र होते, ते ओळखून लिहा म्हणून. ऐकून लिहिण्याची सोय नव्हती. “हे वाच रे जरा,” तो म्हणाला. आम्ही वाचून दाखविले आणि त्याच संध्याकाळी त्या कार्यालयाला पत्र लिहिले. पोच आली आहे, उत्तर अजून नाही.