लष्करी ट्रकला टोचन लावताना



मेळघाटातल्या वस्त्यांवर धान्य, पत्रे, पाण्याच्या टाक्या पोहोचवायच्या तर साधा ट्रक पहिल्या पावसानंतर निकामी ठरतो. म्हणून लष्करातून निघालेल्या फोर बाय फोर गाडीचा विचार पुढे येतो. आपल्याकडे अशी गाडी म्हणजे बहुधा शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून ती जबलपूरला बनू लागली आणि नव्वदच्या दशकापर्यंत बनत राहिली. लिलावात ती परवडते, पण ती स्वतःच्या पायांनी घरी येईलच असे नाही. मग कोणीतरी म्हणतो, "टोचन लावा आणि आणा ओढत!" ट्रेलरसाठी वेगळे पैसे कशाला, असा प्रश्न मंडळीतले वडीलधारेही विचारतात. दानाच्या पैशाचा हिशेब विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावे लागते.

टोचन तीन प्रकारचे असते. पहिला दोर किंवा साखळदंड. पुढची गाडी थांबली तरी मागची थांबत नाही, हा त्याचा दोष. अवजड ट्रक रस्त्याने न्यायला तो वापरूच नये. चिखलातून गाडी बाहेर काढण्यापुरता तो ठीक. दुसरा सरळ लोखंडी दांडा. तो अंतर राखतो, पण मागच्या माणसाला स्टेअरिंग सतत सांभाळावे लागते. तिसरा त्रिकोणी, म्हणजे ए आकाराचा टो बार. त्याची दोन टोके मागच्या गाडीच्या चासीला आणि शेंडा पुढच्या गाडीच्या हुकाला. त्यामुळे मागची गाडी आपोआप पुढच्या गाडीच्या मागे वळते. चारही चाके रस्त्यावर ठेवून लष्करी ट्रक न्यायचा असेल तर हाच घ्यावा. लष्करी गाड्यांना पुढे चासीलाच दोन मजबूत कड्या असतात, बार तिथे लावायचा. बंपरला कधीही नाही. बार जमिनीला जवळजवळ समांतर राहिला पाहिजे. फार तिरका असेल तर ब्रेक लागताच एक गाडी उचलली जाते आणि दुसरी दाबली जाते. पिनेला कुलपी क्लिप हवी. शिवाय बाराखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून बांधाव्यात, म्हणजे पिन निसटलीच तर बार रस्त्यात न रुतता साखळ्यांवर टेकतो.

आता मुख्य गोष्ट. बंद गाडी ओढणे अवघड नसते, थांबवणे अवघड असते. इंजिन बंद असले की हवा भरणारा कंप्रेसर बंद, आणि टाकीतली हवा संपली की मागच्या गाडीचा ब्रेक जवळजवळ नाहीसा होतो. काही नव्या गाड्यांत उलटे घडते. हवा संपली की स्प्रिंगचा ब्रेक चाके जखडून टाकतो. तो बोल्ट फिरवून सोडवावा लागतो आणि सोडवला की ती चाके पूर्ण मोकळी होतात. दोन्ही बाबतीत, दोन गाड्यांचे ओझे पुढच्या गाडीच्या ब्रेकवरच येते. जाणकार मिस्त्री पुढच्या गाडीतून नळीने मागच्या गाडीला हवा देऊ शकतो. ते जमत असेल तर त्यावर खर्च जरूर करावा.

सपाटीवर हे ओझे जाणवत नाही. उतारावर जाणवते. सहा टनांची गाडी धरा. बारा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ती पुढच्या गाडीला मागून अर्धा टन जोराने सतत ढकलत राहते. वळणावर हाच धक्का तिरका लागतो आणि पुढच्या गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. म्हणून ओढणारी गाडी मागच्या गाडीपेक्षा जड हवी. रिकामी असेल तर वाळूची पोती भरून जड करावी. अंदाजावर न जाता दोन्ही गाड्या वजनकाट्यावर चढवाव्यात. आपल्या वऱ्हाडात ट्रॅक्टरने काहीही ओढायची सवय आहे. ट्रॅक्टरची ओढ मोठी असते हे खरे, पण शेतीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. लष्करी ट्रक रस्त्याने आणायला तो चालणार नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून राहून जाते. चाके फिरली की प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि त्याबरोबर गिअर बॉक्स, ट्रान्सफर केसचे आतले भागही. इंजिन बंद असताना तिथले तेल सगळीकडे पोहोचत नाही. बेअरिंग कोरडी फिरतात, तापतात आणि जाम होतात. न्यूट्रलमध्ये टाकली म्हणजे झाले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. थोड्या अंतराला ते चालूनही जाते. लांब पल्ल्याला मात्र शाफ्ट खोलावेत, आणि फोर बाय फोर असल्याने मागचा व पुढचा असे दोन्ही. खोललेले बोल्ट पिशवीत घालून केबिनमध्येच ठेवावेत.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे टायर वरून जाड दिसतात आणि बाजूंनी तडकलेले असतात. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा असा टायर फुटायला निमित्त लागत नाही. ग्रीस बदलून घ्यावे, हवा तपासावी, आणि भल्या पहाटे नव्हे, तर चांगले उजाडल्यावर निघावे.

कायद्याने काय सांगितले आहे? १९८९ च्या रस्ता-नियमांनी घालून दिलेली चौकट अशी होती: पुढची चाके जमिनीवर असतील तर मागच्या गाडीच्या सीटवर परवानाधारक चालक हवा, दोन गाड्यांमधले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेले हवे, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. २०१७ मध्ये नवे नियम आले आहेत, म्हणून निघण्याआधी आरटीओत जाऊन विचारावे. नोंदणी आणि विम्याचे तेव्हाच बोलून घ्यावे, कारण लिलावातून आलेल्या गाडीला नागरी नंबर नसतो. जाता जाता एक सांगतो. लष्कराबाहेरच्या कोणत्याही गाडीला तो ऑलिव्ह हिरवा रंग ठेवता येत नाही. रंगाचा खर्चही हिशेबात धरा.

ताशी २४ हा वेग हास्यास्पद वाटतो. पण वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला चौपट शक्ती लागते, आणि इथे ती एकाच गाडीच्या ब्रेकने द्यायची आहे. अकोला, अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे थांबे धरून अख्खा दिवस. गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. तिथला ब्रिटिशकालीन पूल २०२२ मध्ये वाहतुकीस बंद झाला. म्हणून त्या दिवशीचा मार्ग आणि पुलाची भारमर्यादा आधी विचारावी. जोडलेल्या दोन गाड्यांचे वजन पुलावर एकदमच येते. पहिल्या पाच किलोमीटरवर थांबून पिन, साखळ्या पाहाव्यात आणि चाकांच्या हबजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. पुढे दर पंधरा-वीस किलोमीटरला तेच. पावसाळ्यात थांबताना डांबर सोडून काळ्या मातीत उतरू नये. दोन्ही गाड्या रुततील. टो बार लावून मागे घेता येत नाही, हेही थांबण्यापूर्वी आठवावे.

परतवाड्यापर्यंत हे सगळे नीट सांभाळून करता येते. तिथून पुढे घटांग, सेमाडोहच्या घाटरस्त्याला माझे मत स्पष्ट नाही असे आहे. वर न्यायची तर गाडी ट्रेलरवर चढवून न्या, नाहीतर पायथ्यालाच दुरुस्त करून स्वतःच्या इंजिनावर, स्वतःच्या ब्रेकवर न्या. ट्रेलरसाठी मागितलेले पैसे याच घाटासाठी असतात.

आणि डाल्यात कोणीही बसता कामा नये. रस्त्याने चालत निघालेली माणसे हात करतात, त्यांत डोक्यावर ओझे आणि कडेवर लेकरू घेतलेल्या बाया असतात. नाही म्हणणे जड जाते. तरी नाहीच म्हणावे. शक्य असेल तर सोबतच्या जीपमधून त्यांना पुढे सोडावे. जीप तशीही मागे हवीच, इशाऱ्याचे दिवे लावून. गावातून जाताना पोरे दोन गाड्यांच्या मधून पलीकडे पळतात. बार लांबून दिसत नाही, म्हणून त्याला लाल फडके बांधावे आणि गर्दीत एका माणसाने पुढे चालावे.

मुक्कामी पोहोचल्यावर सगळ्यांना घाई असते. आधी मागच्या गाडीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, मगच पिन काढावी.