बांगड्याच्या पेशीतले हिमयुग

इंदूरच्या नळाला नर्मदेचे पाणी येते. जलूदजवळ उपसलेले हे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरची वाट आणि विंध्याचा चढ ओलांडून 1978 पासून शहरात पोहोचते आहे. शहरातून वाहणाऱ्या कान्ह आणि सरस्वती मात्र नर्मदेकडे पाठ फिरवून क्षिप्रेला मिळतात. ते पाणी पुढे चंबळ, यमुना आणि गंगेतून बंगालच्या उपसागरात जाते. आपण पितो त्या नदीचा समुद्र एक आणि आपल्या अंगणातून वाहून जाणाऱ्या पावसाचा समुद्र दुसरा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या इंदूरकरांचे समुद्राशी असे दुहेरी नाते आहे. म्हणूनच समुद्राची एक विलक्षण गोष्ट त्यांनीही जाणून घ्यावी.

नर्मदा आज भरूच ओलांडून खंभातच्या आखातात संपते. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी ती तिथे संपत नव्हती, कारण तिथे समुद्रच नव्हता. शेवटचे हिमयुग तेव्हा ऐन भरात होते. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपावर हजारो मीटर जाडीचे बर्फ साठले होते आणि ते सारे पाणी समुद्रातूनच गेलेले होते. जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली उतरली होती. खंभातचे उथळ आखात कोरडे पडले आणि नर्मदा त्यातून पुढे वाहत राहिली. 1974 साली जिथे तेल सापडले ते मुंबई हाय आज सुमारे 75 मीटर पाण्याखाली आहे. त्या काळी मुंबईच्या जागेवरून तिथपर्यंत माणूस पायी चालत गेला असता.

याचा पुरावा समुद्राच्या तळाशी आहे. 1966 मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यासमोरच्या तळाची माती तपासली. किनाऱ्यापासून दूर, साठ ते शंभर मीटर खोलीवर चुन्याचे बारीक गोल कण सापडले. असा कण कापला, तर कांद्यासारखे एकावर एक पदर दिसतात. हे कण खोल पाण्यात तयार होत नाहीत. लाटांनी सतत घोळल्या जाणाऱ्या, अगदी उथळ आणि उबदार पाण्यातच त्यांच्यावर पदर चढतात. म्हणजे आज जिथे एवढे खोल पाणी आहे, तिथे एके काळी किनारा होता.

मग माशांचे काय झाले? अर्नाळा, वसई, सातपाटीचे कोळी बांधव भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून डोल जाळी लावतात. ज्या उथळ पट्ट्यात त्यांना बोंबील मिळतो, तो सारा पट्टा त्या काळी जमीन होता. मुंबईसमोर सुमारे 300 किलोमीटर रुंद असलेला उथळ समुद्र आक्रसून एक चिंचोळी पट्टी उरली. त्यातच नैऋत्य मान्सूनही दुबळा झाला होता. आज या वाऱ्यांमुळे तळाचे सकस पाणी वर येते आणि त्यावर बांगडा व तारली पोसतात. राहायला जागा कमी आणि खायला अन्न कमी, असा तो काळ होता.

त्या काळाची नोंद माशांच्या पेशींत आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रियात थोडा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. त्याला आईकडून चालत येणारे आडनाव समजा. एखाद्या गावात दुष्काळ पडून मोजकीच घरे उरली, तर बहुतेक आडनावे नाहीशी होतात. पुढे गाव पुन्हा भरले, तरी बहुतेकांचे आडनाव एकच राहते. फार तर कुठे एखादे अक्षर बदललेले दिसते. डीएनएमध्येही हेच घडते. मधोमध एक जुना प्रकार आणि त्याच्याभोवती एकेका अक्षराने वेगळे झालेले अनेक नवे प्रकार अशी ताऱ्यासारखी आकृती तयार होते. ही आकृती दिसली, की हा मासा एके काळी थोडा उरला होता आणि मग झपाट्याने वाढला, असे शास्त्रज्ञ ओळखतात.

1998 मध्ये ग्रँट आणि बोवेन या संशोधकांनी जगभरच्या सार्डीन व अँकोव्ही माशांबद्दल हेच दाखवले. या जाती लाखो वर्षे जुन्या आहेत, पण त्यांच्या आजच्या थव्यांची वंशावळ मात्र उथळ आहे. मलेशियाभोवतालच्या समुद्रातल्या बांगड्यांच्या डीएनएतही अशाच जुन्या वाढीची खूण मिळाली. हिमयुग एकदाच आले, असे मात्र नाही. गेल्या दहा लाख वर्षांत साधारण लाख-लाख वर्षांच्या अंतराने समुद्र खाली गेला आणि पुन्हा चढला. त्यामुळे काही माशांच्या पेशींतली खूण शेवटच्या हिमयुगाची, तर काहींची त्याच्याही आधीची आहे.

उत्तर अटलांटिकच्या कॉड माशाचे उदाहरण बोलके आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हिमयुगात त्याचा मुलूख आजच्या सुमारे एक पंचमांश उरला होता. तरीही महासागराच्या दोन्ही बाजूंना तो तगून राहिला आणि त्याची जनुके हीच साक्ष देतात.

हिमयुग संपल्यावर नवे समुद्रही जन्मले. युरोपातला बाल्टिक हा त्यांपैकी एक. त्याचे पाणी निमखारे आहे आणि त्यात निळ्यापेक्षा तांबूस प्रकाश अधिक खोल पोहोचतो. तिथे शिरलेल्या हेरिंग माशाच्या डोळ्यातल्या रोडॉप्सिन या प्रथिनात, 261व्या जागेवर, एकच अमिनो आम्ल बदलले आणि त्याला तांबूस प्रकाशात अधिक चांगले दिसू लागले. 2019 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. काही हजार वर्षांत एवढा बदल शक्य झाला, कारण निवड करायला हेरिंगच्या थव्यांत पुरेशी विविधता होती.

या साऱ्या गोष्टीचे मर्म इथेच आहे. घटलेली संख्या पुन्हा वाढू शकते. हरवलेली जनुकीय विविधता मात्र नव्या बदलांतून भरून यायला लाखो वर्षे लागतात. समुद्र तापत असताना माशांना तगायचे असेल, तर हीच विविधता त्यांच्या कामी येणार आहे. म्हणूनच आपला समुद्र नीट ओळखण्याचे काम मोलाचे आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2023 मध्ये तारलीचा संपूर्ण जनुकीय आराखडा उलगडला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, म्हणजे अंडी घालण्याआधीच पिल्ले जाळ्यात जाऊ नयेत.

हिमयुगातून वाचलेला हा वारसा आपल्या एका पिढीच्या हावेने संपू नये. इंदूरच्या बाजारात मासळी घेतानाही एवढे पाळता येईल: वीतभरही न वाढलेला बांगडा किंवा बोटभर पापलेट स्वस्त मिळाले, तरी घेऊ नका.