गर्भ अर्धा परका, तरी शरीर त्याला हाकलत का नाही?

एपिसोडमध्ये बोललो तेच इथे थोडं आवरून लिहिलंय. मी इंजिनिअर, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

जामखेडहून आयव्हीएफसाठी नगर-पुण्याच्या फेऱ्या मारायच्या, लाखात खर्च करायचा, आणि गर्भ रुजला नाही की कधी हातात रिपोर्ट येतो: ‘एनके सेल्स जास्त’. एनके म्हणजे ‘नॅचरल किलर’. झालं, घरात अर्थ लागतो की बाईचं शरीरच गर्भ मारतंय. खरंच तसं असतं का?

गर्भात निम्मे जीन्स वडिलांचे. मग आईची प्रतिकारशक्ती त्याला परका का समजत नाही? १९५३ मध्ये पीटर मेडावार यांनी हाच प्रश्न मांडला.

आपल्या बहुतेक पेशींवर एचएलए नावाची ओळखपत्रं असतात. किडनी बदलताना तीच जुळवून बघतात. गर्भाच्या ज्या पेशी गर्भाशयात शिरतात, त्या एचएलए-ए आणि बी दाखवतच नाहीत. त्या एचएलए-जी दाखवतात. ते माणसामाणसांत जवळपास सारखंच असतं, आणि आईच्या पेशींना सांगतं, ‘थांबा, हल्ला नको.’ पाचव्या दिवसाच्या गर्भातही ते सापडलंय.

मग लॅबमध्ये गर्भ वाढवतात त्या द्रवात एचएलए-जी मोजून चांगला गर्भ निवडता येईल का? प्रयत्न झाले. पण लॅबनुसार निकाल बदलले, आणि ते न सापडलेल्या गर्भांपासूनही गर्भधारणा झाली. म्हणून ती नेहमीची टेस्ट झाली नाही.

आता एनके. रक्तातल्या आणि गर्भाशयातल्या एनके पेशी वेगळ्या. गर्भाशयातल्या तर वारेला रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. नावावर जाऊ नका! रक्तातला आकडा गर्भाशयातलं सांगत नाही. एश्रे या युरोपियन संस्थेने २०२३ मध्ये ही रक्ततपासणी, इंट्रालिपिडचं सलाईन आणि इम्युनोग्लोब्युलिन सरसकट वापरू नका असंच सांगितलं.

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं, तेही सरकारी संशोधन संस्थेच्या साथीने. आज २०२१ चा एआरटी कायदा आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. तेव्हा जास्तीचं इंजेक्शन सुचवलं तर बिनधास्त विचारा: ‘डॉक्टर, याने मूल होण्याची शक्यता किती वाढते? पुरावा काय?’

आणि त्या रिपोर्टवरून सुनेला बोल लावू नका. भेटू पुढच्या भागात!