टिळकांचे अभंग, लक्ष्मीबाईंच्या ओव्या

‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शाळेत अनेक पिढ्यांनी घोकली. पण तिचे कवी नारायण वामन टिळक मराठी ख्रिस्ती मंडळींच्या दर रविवारच्या उपासनेत आजही गायले जातात, हे त्या मंडळींबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गीते अडीचशेच्या आसपास आहेत. आपल्या साहित्याच्या इतिहासांनी या गीतांना फारच थोडी जागा दिली, याची मला खंत वाटते.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम सुरू केले.

तोवर मराठी ख्रिस्ती देवळांत भाषांतरित गीतांचे प्रमाण मोठे होते. चाल इंग्रजी, शब्द मराठी. चालीच्या मात्रा भरायच्या म्हणून ऱ्हस्वाचे दीर्घ करायचे, जोडाक्षर ताणायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या खेडुताच्या तोंडी असे गीत बसणार कसे? कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवून वाट काढली होतीच. टिळकांनी तिचा हमरस्ता केला. त्यांनी अभंग घेतला. त्याचे चरण आखूड, यमक जवळ, ध्रुपद एकदा ऐकले की टाळाबरोबर सगळ्यांना उचलता येणारे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या ‘अभंगांजली’त ख्रिस्त माउली होतो, आणि कवी तिच्यापाशी लेकरासारखा हट्ट धरतो. ही जवळीक उसनी नव्हती. ती वारकऱ्यांच्या घरातलीच होती.

टिळकांच्या बाप्तिस्म्याची किंमत मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. त्या सनातनी घरातल्या. नवरा बाटला म्हणून लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या काही वर्षे दूर राहिल्या, पंढरपुरातही राहिल्या. पुढे नगरला नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळे सुटायला वेळ लागला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःची खात्री पटल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा काळ कोणावरही राग न धरता लिहिला आहे, आणि आपल्या भोळेपणावर त्या स्वतःच मनमोकळ्या हसतात.

1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांना तिथे जागा होती. पण हाती फार दिवस नव्हते. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले.

मागे राहिले ‘ख्रिस्तायन’. त्याच्या तीनशे वर्षे आधी, 1616 मध्ये, गोव्यात राशोल इथे इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते, तेही ओवीतच. टिळकांनी तोच छंद घेऊन येशूचे चरित्र मांडायला घेतले. पण जेमतेम दहाएक अध्याय झाले होते. पुढचे 64 अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेली, जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली ही बाई नवऱ्याचे महाकाव्य हाती घेते आणि त्याच्या कित्येक पट मजल मारते! 1936 साली त्या गेल्या. समाप्तीचा अध्याय मुलाने, देवदत्ताने, लिहिला.