एका जोडशब्दाचा उच्चार

आपल्यापैकी पुष्कळांना इंग्रजी भाषा आधी डोळ्यांनी भेटते आणि कानांनी मागाहून. त्यातून उद्भवणारी अडचण एका आडवळणाच्या शब्दावरून सांगतो.

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी आलेला एक तरुण उत्तरांची तयारी करीत होता. वडिलांचा व्यवसाय सांगताना तो 'गोथर्ड' म्हणाला. समोरच्या गृहस्थांना अर्थबोध होईना. वास्तविक शब्द होता 'गोटहर्ड', म्हणजे शेळ्या राखणारा. आपल्या वडिलांचे काम चारचौघांत सांगावे आणि ते कोणाला कळूच नये, ही गोष्ट लहान नव्हे.

'टी' आणि 'एच' ही अक्षरे शेजारी दिसली की आपण त्यांचा 'थ' करून मोकळे होतो. परंतु येथे शब्दाचा सांधा नेमका त्यांच्या मधून जातो. अलीकडे 'गोट', पलीकडे 'हर्ड'. हा 'हर्ड' म्हणजे कळप नव्हे. राखणारा या अर्थाचा तो जुना शब्द आहे. 'एकहाती' हा शब्द आपण 'एखाती' असा वाचतो काय? तसेच हे.

आता आघात. मराठीत आघातामुळे शब्दाचा अर्थ सहसा पालटत नाही, म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही. इंग्रजीत दोन नामांचा एकजीव शब्द झाला म्हणजे जोर बहुधा पहिल्या पदावर पडतो. 'गोट' ठसठशीत, 'हर्ड' त्याच्या मागून, हलकेच. मात्र त्यातला 'ह' आणि स्वर शाबूत राहतात. मेंढपाळाच्या 'शेपर्ड' या शब्दात तसे नाही. तो इतका वापरला गेला की त्याचा 'ह' झिजून गेला आणि स्वरही दुबळा झाला. तेथेही 'पी' आणि 'एच' पाहून 'फ' म्हणणारे भेटतातच!

सुटी राहिलेली पदे मात्र निराळी वागतात. याच मार्गाचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. लंडनमध्ये आहे कर्झन स्ट्रीट. 'स्ट्रीट' असेल तर इंग्रज 'कर्झन'वर जोर देतो, 'रोड' असेल तर 'रोड'वर. कारण विचाराल तर रूढी, एवढेच उत्तर.

आघाताचा संशय आला तर कोश उघडावा. आजच्या ब्रिटिश कोशांत आघात असलेल्या उच्चारावयवाच्या आधी, वरच्या बाजूस, एक बारीक उभी रेघ असते. 'गोटहर्ड'च्या उच्चारात ती अगदी आरंभीच सापडेल.