एक लॅपटॉप, दोन घरं: ड्युअल बूट करताना आधी काय बघाल?

मागच्या महिन्यात रिसोडला मावशीकडे गेलो होतो. बॅग खाली ठेवायच्या आत मावसभाऊ म्हणाला, "दादा, हा लॅपटॉप आता भंगारात द्याचा का?"

लॅपटॉप सहाव्या जनरेशनच्या आय-थ्रीचा, रॅम ४ जीबी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे तो दरवाजा बंद. पोराला कोडिंग शिकायचंय, नवा घ्यायला पैसे नाहीत.

मग सरळ लिनक्स टाकून मोकळं व्हायचं ना? नाही. त्याच लॅपटॉपवर काका लग्नपत्रिका करतात. श्रीलिपी, कोरलड्रॉ, पंधरा वर्षांच्या फाइल्स. जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, दुसरीकडे उघडले की अक्षरांची नुसती खिचडी. विंडोज काढलं तर ऐन लग्नसराईत काकांचा धंदा बसला. म्हणून ड्युअल बूट: एकाच डिस्कचे भाग करायचे, एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. सुरू करताना ग्रब नावाचा मेनू विचारतो, आज कुठे जायचं? एका वेळी एकच चालतं, त्यामुळे रॅम वाटून जात नाही.

आता पहिलं काम, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. बॅकअप. थर्ड इयरला हॉस्टेलवर मी रात्री दोन वाजता 'इरेज डिस्क' निवडलं. वाटलं, रिकामा भागच पुसेल. अख्खी डिस्क पुसली. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मीच रेकॉर्ड केलेल्या, आणि जागा नाही म्हणून फोनमधून डिलीट केलेल्या. आजी पुढच्या वर्षी गेली. तेव्हा बॅकअप म्हणजे वेगळ्या हार्ड डिस्कवर. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये कॉपी केली तर तो बॅकअप नव्हे बाप्पा.

काकांच्या फाइल्स कॉपी व्हायला तीन तास लागले. मध्ये लाइट गेली. म्हणून सांगतो, चार्जिंग फुल ठेवा. पार्टिशन बदलताना मशीन बंद पडणं सगळ्यात वाईट.

मग विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्ह 'श्रिंक' केला आणि ६० जीबी मोकळे केले. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं. हे का? ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि अशा ड्राइव्हवर लिनक्सने काही लिहिलं तर फाइल्स बिघडू शकतात. तुमचा लॅपटॉप नवा असेल तर बिटलॉकर चालू आहे का तेही बघा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहा. नाहीतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही बसाल डोकं धरून.

पुढचं सोपं आहे. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफसने लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली, कारण ती हलकी. बूट मेनूची की कंपनीनुसार वेगळी, बऱ्याचदा एफ१२ किंवा एफ९. इन्स्टॉल करायच्या आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज तपासा. मग 'इन्स्टॉल अलाँगसाइड' निवडा. हा पर्याय दिसलाच नाही तर तिथेच थांबा. अंदाजाने दुसरं बटण दाबू नका. (माझी रात्र दोनची आठवा.)

आता भाऊ लिनक्सवर पायथन शिकतो, इंटरनेटचं सगळं तिथूनच. विंडोजवर काका पत्रिका करतात, आणि अपडेट थांबलेल्या त्या बाजूला मी नेट बंद ठेवायला सांगितलंय. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट दोन्हीकडे सारखंच.

चार दिवसांनी काकांचा फोन. "अरे, घड्याळ साडेपाच तास मागं दाखवते!" हे होणारच. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, १ एवढी कमांड भावाकडून फोनवरच टाइप करून घेतली. मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा सिंक केली, झालं.